वॉशिंग्टनच्या कन्व्हेन्शन सेंटरजवळ विनामूल्य काय पाहावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या राजधानीतील वॉल्टर ई. वॉशिंग्टन कन्व्हेन्शन सेंटर २००३ मध्ये सुरू झाले आणि तेव्हापासून वैद्यकीय, तांत्रिक, शैक्षणिक अशा नाना परिषदांच्या निमित्ताने मराठी मंडळी तेथे येत असतात. त्यांपैकी बहुतेकांना शहर पाहण्यासाठी वेगळी रजा नसते. सत्रांच्या मधला एखादा तास, संध्याकाळ आणि परतीच्या दिवसाची सकाळ एवढाच काय तो वेळ हाती असतो. पुढील उत्तरे हा वेळ गृहीत धरून लिहिली आहेत. सुदैवाने या शहरात पैशांची अडचण क्वचितच येते. खरी अडचण येते ती घड्याळाची, कारण बहुतेक विनामूल्य संग्रहालये संध्याकाळी साडेपाचला दारे लावून घेतात.

सेंटर शहरात नेमके कोठे आहे आणि पायी कोठपर्यंत जाता येते?

सेंटर माउंट व्हर्नन चौकाच्या उत्तर अंगाला, सातव्या आणि नवव्या रस्त्यांच्या मध्ये आहे. या शहरात आकड्यांचे रस्ते दक्षिणोत्तर आणि अक्षरांचे रस्ते पूर्वपश्चिम जातात. त्यामुळे पत्ता वाचता आला की नकाशाची फारशी गरज राहत नाही. सेंटरकडून दक्षिणेला चालताना के, आय, एच, जी, एफ अशी अक्षरे उलट्या क्रमाने भेटतात. मध्ये ‘जे’ नावाचा रस्ता नाही, तो शोधत बसू नये. पत्त्याच्या शेवटी लिहिलेली दिशा मात्र नीट वाचावी, कारण कॅपिटलपासून, म्हणजे अमेरिकेच्या संसदभवनापासून, शहराचे चार भाग पाडलेले असून एकाच नावाचा रस्ता एकाहून अधिक भागांत असू शकतो.

१७९१ साली पिएर लांफां या फ्रेंच अभियंत्याने शहराचा जो आराखडा केला, त्यात आठव्या रस्त्याला मोठे महत्त्व होते. त्याचा लाभ आज परिषदेच्या पाहुण्यांना होतो. चौकातील जुने कार्नेगी ग्रंथालय, दोन कलासंग्रहालयांची जुनी पेटंट कचेरी, राष्ट्रीय अभिलेखागार आणि मॉल नावाच्या विस्तीर्ण हिरवळीपलीकडचे गोलाकार हर्शहॉर्न संग्रहालय, ही सारी ठिकाणे साधारण त्या एकाच रेषेत येतात. सेंटरपासून पेटंट कचेरी सुमारे साडेसहाशे मीटर आणि मॉल सुमारे दीड किलोमीटर अंतरावर आहे. चालायचे नसल्यास सेंटरच्या दारातच मेट्रोचे स्थानक आहे. हिरव्या किंवा पिवळ्या मार्गाने दुसरे स्थानक अभिलेखागाराचे आणि तिसरे लांफां प्लाझा, म्हणजे मॉलच्या दक्षिण बाजूचे. मेट्रोला अर्थातच तिकीट आहे. पूर्वी मॉलभोवती एका डॉलरमध्ये फिरवणारी शहराची लाल बससेवा २०२४ च्या अखेरीस बंद झाली. जुन्या प्रवासवर्णनांत तिचे कौतुक वाचून कोणी तिची वाट पाहत उभे राहू नये.

इतकी मोठी संग्रहालये खरोखर विनामूल्य आहेत का? परदेशी पाहुण्यांसाठी वेगळा दर असतो का?

होय, विनामूल्य आहेत, आणि वेगळा दर नाही. आपल्याकडे पुरातत्त्व खात्याच्या अनेक स्मारकांवर परदेशी पाहुण्यांकडून अधिक पैसे घेतले जातात, म्हणून ही शंका स्वाभाविक आहे. परंतु येथे दारावर पासपोर्ट किंवा नागरिकत्व कोणी विचारत नाही.

या व्यवस्थेमागे एक विलक्षण मृत्युपत्र आहे. जेम्स स्मिथसन हे ब्रिटिश शास्त्रज्ञ १८२९ मध्ये वारले. ज्या अमेरिकेत त्यांनी आयुष्यात कधी पाऊल टाकले नव्हते, तेथे ज्ञानाची वृद्धी आणि प्रसार करणारी संस्था उभी राहावी, अशी तरतूद करून त्यांची संपत्ती अखेर त्या देशाकडे आली. १८४६ मध्ये तेथील काँग्रेसने, म्हणजे संसदेने, कायदा करून स्मिथसोनियन संस्था स्थापन केली. आज तिच्या खर्चाचा मोठा वाटा संघराज्य सरकार उचलते. नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट ही मॉलवरची कलादालने स्वतंत्र व्यवस्थापनाखाली चालतात. उद्योगपती अँड्र्यू मेलन यांनी आपला चित्रसंग्रह आणि इमारतीचा खर्च देशाला दिला, मात्र संग्रहालयाला आपले नाव देऊ नये असा आग्रह धरला. प्रत्येक खोलीच्या दारावर देणगीदाराची पाटी पाहण्याची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना ही गोष्ट विशेष वाटते.

शेवटचे सत्र पाच वाजता संपते. त्यानंतर काही पाहता येते का?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो, आणि त्याचे उत्तर सेंटरपासून दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियम आणि नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी ही दोन संग्रहालये एकाच इमारतीत असून ती सकाळी साडेअकराला उघडतात आणि संध्याकाळी सातपर्यंत चालू असतात. सव्वापाचला बाहेर पडलेल्या माणसाला येथे दीड तास सहज मिळतो. म्हणून दिवसा मोकळा वेळ मिळाल्यास तो या इमारतीवर खर्च करू नये. ती संध्याकाळसाठी राखून ठेवावी आणि दिवसाचा वेळ साडेपाचला बंद होणाऱ्या ठिकाणांना द्यावा.

इमारत पूर्वी पेटंट कचेरी होती आणि तिचे बांधकाम १८३६ मध्ये सुरू झाले. यादवी युद्धात येथे जखमी सैनिकांचे रुग्णालय होते. कवी वॉल्ट व्हिटमन त्या जखमींच्या खाटांजवळ येऊन बसत असत. मार्च १८६५ मध्ये लिंकन यांच्या दुसऱ्या शपथविधीनिमित्तचा नृत्यसमारंभ याच इमारतीत झाला आणि पुढच्याच महिन्यात येथून हाकेच्या अंतरावरील नाट्यगृहात त्यांच्यावर गोळी झाडली गेली.

पोर्ट्रेट गॅलरीत राष्ट्राध्यक्षांची चित्रे आहेत. त्यांतील जॉर्ज वॉशिंग्टन यांचे पूर्णाकृती चित्र गिल्बर्ट स्टुअर्ट यांनी १७९६ मध्ये काढले. बहुतेक लोक तेवढे पाहून परततात, परंतु माझ्या मते खरा ठेवा आर्ट म्युझियमच्या बाजूला आहे. जेम्स हॅम्प्टन नावाच्या एका सरकारी सफाई कामगाराने भाड्याच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे एकट्याने खपून, जुने फर्निचर, पुठ्ठा, विजेचे दिवे आणि सोनेरी-चंदेरी वर्ख यांतून एक भव्य सिंहासन आणि त्याभोवतीचा सारा देव्हारा रचला. १९६४ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतरच जगाला त्याचा पत्ता लागला. गणपतीची मखरे पाहत वाढलेल्या मराठी माणसाला ही कलाकृती समजावून सांगावी लागत नाही. त्याच बाजूला नाम जून पाइक यांनी १९९५ मध्ये निऑन नळ्या आणि दूरचित्रवाणी संच यांतून केलेला अमेरिकेचा नकाशाही आहे.

पाय दुखू लागल्यास मधल्या कोगॉड अंगणात बसावे. त्यावरचे लाटांसारखे काचेचे छत नॉर्मन फॉस्टर यांच्या संस्थेने केले असून ते २००७ मध्ये खुले झाले. बाहेर पाऊस असो की बर्फ, आत झाडे, बाक आणि शांतता असते, आणि दिवसभर व्याख्याने ऐकून आलेल्याला बहुधा तेवढेच हवे असते.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत फक्त एक तास मोकळा आहे. तेवढ्यात काय जमेल?

चौक ओलांडताच समोर कार्नेगी ग्रंथालयाची पांढरी इमारत आहे. १९०३ मध्ये ती खुली झाली तेव्हा, वर्णभेद पाळणाऱ्या या शहरात, गोऱ्या-काळ्या वाचकांना एकाच दाराने प्रवेश देणाऱ्या मोजक्या जागांत तिची गणना होत असे. २०१९ पासून तेथे ॲपलचे दुकान आहे आणि वरच्या भागात शहराच्या इतिहासाचे केंद्र. दुकानात खरेदी न करता इमारत पाहून बाहेर पडल्यास कोणी हटकत नाही.

थोडे पुढे, जी रस्त्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाचे मध्यवर्ती सार्वजनिक ग्रंथालय आहे. काळ्या पोलादाची आणि काचेची ही इमारत लुडविग मीस व्हान डेर रोहे यांची असून ती १९७२ मध्ये पूर्ण झाली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. मोठ्या नूतनीकरणानंतर २०२० मध्ये ती पुन्हा उघडली आणि गच्चीवर बाग आली. वाय-फाय, स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, फोन चार्ज करण्याची सोय आणि टेकायला खुर्ची हे सर्व येथे विनाशुल्क मिळते. सभासदत्वाची अट फक्त पुस्तक घरी नेण्यासाठी आहे. दुपारच्या सादरीकरणावर शेवटचा हात फिरवायचा असेल तर सेंटरच्या गजबजाटापेक्षा हे ठिकाण केव्हाही बरे.

चालण्याची हौस असल्यास नवव्या रस्त्याच्या पश्चिमेला ब्लॅगडेन ॲली ही जुन्या घोडागाड्यांच्या काळातील गल्ली आहे. विटांच्या भिंती आणि त्यांवरची रंगीत चित्रे पाहण्यास वीस मिनिटे पुरतात.

एकच दिवस पूर्ण मोकळा आहे. मॉलवरील सर्व संग्रहालये एका दिवसात होतील का?

होणार नाहीत, आणि तसा प्रयत्नही करू नये. सकाळी एक आणि दुपारी एक, एवढीच मर्यादा ठेवावी. तिसरे संग्रहालय पाहताना डोळे उघडे असतात इतकेच.

भारतातून प्रथमच येणाऱ्यास मी नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयापासून सुरुवात सुचवेन, आणि तेही होप हिऱ्यासाठी. ४५.५२ कॅरटचा हा निळा हिरा मूळचा आपल्याकडचा. तो आंध्रातील कोल्लूरच्या खाणीतून निघाला असे मानले जाते. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने तो सतराव्या शतकात भारतातून नेला आणि चौदाव्या लुईला विकला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९२ मध्ये तो चोरीला गेला, पुन्हा पैलू पाडलेल्या रूपात लंडनमध्ये दिसला, आणि अनेक हात फिरून अखेर न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी १९५८ मध्ये तो संग्रहालयाला दिला. त्यांनी तो चक्क रजिस्टर्ड टपालाने पाठवला. टपालखर्च २ डॉलर ४४ सेंट आला आणि विम्याचा खर्च १४२ डॉलर ८५ सेंट. ज्या वेष्टनातून हा हिरा आला, ते राष्ट्रीय टपाल संग्रहालयाने जपून ठेवले आहे. हे संग्रहालयही विनामूल्य असून सेंटरपासून मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यूने पूर्वेकडे सुमारे पावणेदोन किलोमीटरवर, युनियन स्टेशनला लागून आहे. हिऱ्यापुढे रेटारेटी असते; टपाल संग्रहालयात सहसा निवांतपणा असतो, आणि ज्यांनी लहानपणी तिकिटे जमवली त्यांना तेथे दुपार अपुरी पडते.

दुपारसाठी नॅशनल गॅलरी घ्यावी. लिओनार्दो दा विंची यांचे उत्तर आणि दक्षिण अमेरिका खंडांत सार्वजनिकरीत्या पाहता येणारे एकमेव चित्र येथील पश्चिम इमारतीत आहे: जिनेव्हरा दे बेंची या तरुणीचे. चित्र अगदी लहान आहे आणि दोन्ही बाजूंनी रंगवलेले असल्याने त्याच्या मागे जाऊनही पाहावे. पॅरिसमध्ये मोनालिसापुढे ज्यांनी डोक्यांच्या समुद्रावरून मान उंचावली असेल, त्यांना येथे हातभर अंतरावरून लिओनार्दो पाहताना सुखद धक्का बसतो. ही गॅलरी पाच वाजताच बंद होते, साडेपाचला नाही.

कोणत्या ठिकाणी विनामूल्य असूनही आधी वेळ राखावी लागते?

आफ्रिकन-अमेरिकन इतिहास आणि संस्कृतीचे संग्रहालय, जे २०१६ मध्ये उघडले, आणि हवाई व अंतराळ संग्रहालय या दोन्हींसाठी ठरावीक वेळेचे पास संकेतस्थळावरून घ्यावे लागतात. पासाला पैसे पडत नाहीत, पण आठवड्याच्या अखेरीचे आणि सुट्ट्यांतील पास लवकर संपतात. म्हणून परिषदेचे वेळापत्रक हाती येताच ते काढून ठेवावेत. राहून गेले तर त्याच दिवशी सकाळी सुटणाऱ्या पासांवर नजर ठेवावी. काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या जेफरसन इमारतीसाठीही अशीच पद्धत आहे. कॅपिटलची मार्गदर्शकासह फेरी विनामूल्य असून तीही आधी नोंदवलेली बरी.

पास विकणारी खासगी संकेतस्थळे आढळल्यास दूर राहावे. विनामूल्य पासाला सेवाशुल्क लावून विकण्याचा तो व्यवसाय आहे.

वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर विनामूल्य जाता येते का?

येते, पण त्यासाठी लवकर उठावे लागते. त्याच दिवसाची तिकिटे पंधराव्या रस्त्यावरील स्मारकाच्या कचेरीतून सकाळी विनामूल्य दिली जातात. गर्दीच्या हंगामात रांग त्याआधीच लागलेली असते. संकेतस्थळावरून आगाऊ घेतल्यास प्रत्येक तिकिटामागे एक डॉलर आकारला जातो, आणि ज्याला सकाळी नऊचे सत्र गाठायचे आहे त्याने तो डॉलर खुशाल द्यावा. स्तंभाची उंची सुमारे १६९ मीटर आहे. खालून पाहताना साधारण एकतृतीयांशाच्या थोडे खाली दगडाचा रंग बदललेला दिसतो. १८४८ मध्ये सुरू झालेले काम पैशांअभावी आणि वादांमुळे १८५४ मध्ये थांबले, मग यादवी युद्ध आले, आणि पुढे काम सुरू झाले तेव्हा त्याच रंगाचा संगमरवर मिळाला नाही. काम १८८४ मध्ये पूर्ण झाले. सरकारी बांधकामे रखडण्याची ही आंतरराष्ट्रीय परंपरा पाहून मन थोडे हलके होते.

व्हाइट हाउस आतून पाहता येईल का?

परिषदेच्या धावपळीत ते जमणार नाही असे धरून चालावे. परदेशी नागरिकांना आपल्या दूतावासामार्फत बरेच आधी विनंती करावी लागते आणि ती मान्य होईलच असे नाही. लाफायेत चौकातून बाहेरून पाहावे.

राष्ट्रीय अभिलेखागारात काय आहे आणि तेथे छायाचित्रे का काढू देत नाहीत?

स्वातंत्र्याचा जाहीरनामा, राज्यघटना आणि नागरिकांच्या हक्कांची सनद या तिन्हींच्या मूळ प्रती तेथील घुमटाखालच्या मंद प्रकाशाच्या दालनात ठेवलेल्या आहेत. जाहीरनाम्याची शाई इतकी फिकी झाली आहे की सह्या ओळखण्यासाठी थोडा वेळ थांबून डोळे सरावावे लागतात. शतकाहून अधिक काळ तो प्रकाशात टांगला, गुंडाळला आणि हाताळला गेल्याचा हा परिणाम आहे, आणि फ्लॅश चुकून उडाला तरी त्यात भर पडते. त्यामुळे छायाचित्रणावर सरसकट बंदी आहे. त्याच इमारतीत १२९७ सालच्या मॅग्ना कार्टाची एक प्रतही आहे. प्रवेश विनामूल्य आहे. आगाऊ वेळ राखल्यास एक डॉलर पडतो, आणि उन्हाळ्यात रांगेचा विचार करता तो वाया जात नाही.

काँग्रेसच्या ग्रंथालयात सामान्य पाहुण्याला खरोखर पुस्तक वाचता येते का? मराठी पुस्तके आहेत का?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी आहे. सोळा वर्षांवरील कोणालाही पासपोर्टसारखे छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवून वाचकपत्र विनामूल्य मिळते, आणि ते परदेशी पाहुण्यांनाही दिले जाते. ग्रंथालयाची एक कचेरी १९६२ पासून नवी दिल्लीत असून तिच्यामार्फत मराठीसह अनेक भारतीय भाषांतील पुस्तके नियमितपणे घेतली जातात. जेफरसन इमारतीतच आशियाई भाषांचा वाचनकक्ष आहे. येण्यापूर्वी घरबसल्या सूचीत शोधून हवे असलेले पुस्तक ठरवून ठेवावे, कारण पुस्तके भांडारातून मागवावी लागतात आणि त्यास वेळ लागतो. आपल्याकडे दुर्मीळ झालेले एखादे मराठी पुस्तक सात समुद्रांपलीकडच्या टेबलावर, कोणाच्या ओळखीशिवाय, पुढ्यात येऊन पडते, याचा आनंद अभ्यासकालाच कळेल.

नुसती इमारत पाहायची असली तरी १८९७ सालचा तिचा मुख्य दिवाणखाना पाहण्यासारखा आहे. १८१५ मध्ये थॉमस जेफरसन यांच्याकडून विकत घेतलेल्या ६,४८७ खंडांवर या ग्रंथालयाची पुनर्रचना झाली, आणि गुटेनबर्ग बायबलची एक प्रतही येथे आहे. पाहुण्यांसाठी रविवारी आणि सोमवारी इमारत बंद असते. गुरुवारी मात्र ती रात्री आठपर्यंत उघडी राहते, त्यामुळे दिवसभर परिषदेत अडकलेल्यांनी गुरुवारची संध्याकाळ येथेच द्यावी. कॅपिटलच्या अभ्यागत केंद्रातून ग्रंथालयापर्यंत भुयारी वाट आहे, हे थंडीच्या दिवसांत उपयोगी पडते.

गांधीजींचा पुतळा कोठे आहे?

सेंटरसमोरच्या चौकातून जाणारा मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यू हाच रस्ता पश्चिमेकडे धरावा आणि चालत राहावे; वळण घ्यावे लागत नाही, फक्त मधले गोल चौक ओलांडावे लागतात. सुमारे अडीच किलोमीटरवर, ड्यूपाँट सर्कलच्या पुढे, भारतीय दूतावासासमोरच्या त्रिकोणी जागेत दांडीयात्रेच्या आवेशातील गांधीजी दिसतात. सप्टेंबर २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या अमेरिका भेटीत या पुतळ्याचे अनावरण झाले. जागा उघडी असल्याने वेळेचे बंधन नाही.

वाटेत स्कॉट सर्कलपाशी होमिओपॅथीचे जनक सॅम्युएल हानेमान यांचे १९०० साली उभारलेले स्मारक आहे. अमेरिकेत त्यांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. साबुदाण्यासारख्या गोळ्यांवर बालपण काढलेल्या मराठी वाटसरूला मात्र ते ओळखीचे वाटेल.

सेंटरच्या उत्तरेला काही पाहण्यासारखे आहे का, की सगळे दक्षिणेलाच?

पर्यटक उत्तरेकडे फारसे वळत नाहीत, ही त्यांची चूक आहे. सेंटर ज्या शॉ वस्तीच्या कडेला उभे आहे, ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कृष्णवर्णीय वॉशिंग्टनचे सांस्कृतिक केंद्र होती. नवव्या रस्त्यावर सेंटरपासून थोड्याच अंतरावर इतिहासकार कार्टर वुडसन यांचे घर आहे. वुडसन यांचे आईवडील गुलामगिरीत जन्मले होते; त्यांनी स्वतः कोळशाच्या खाणीत काम केले, पुढे हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवली, आणि आपल्या समाजाचा इतिहास आपणच लिहिला पाहिजे या निर्धाराने १९२६ मध्ये त्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला. त्याचाच पुढे फेब्रुवारीतील इतिहास-महिना झाला. हे घर राष्ट्रीय उद्यान सेवेकडे असून प्रवेश विनामूल्य आहे, परंतु ते मोजक्याच दिवशी उघडते. जाण्यापूर्वी संकेतस्थळ पाहावे. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या रस्त्यावरून चालताना अंतर कमी झाल्यासारखे वाटेल.

आणखी उत्तरेला यू रस्त्यावर, हिरव्या मार्गाच्या मेट्रो स्थानकालगत, यादवी युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांचे स्मारक असून तेथे दोन लाखांहून अधिक नावे कोरलेली आहेत.

रात्री काय पाहावे? एकट्याने जाणे योग्य आहे का?

मॉलच्या पश्चिम टोकाची स्मारके रात्रभर खुली असतात आणि मला तरी ती दिवसापेक्षा रात्रीच अधिक भावतात. लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर, जेथे २८ ऑगस्ट १९६३ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांनी भाषण केले, ती नेमकी जागा दगडात कोरून दाखवलेली आहे. दिवसा गर्दीत लोक तिच्यावर पाय ठेवून जातात, रात्री ती सापडते. शेजारी व्हिएतनाम युद्धातील मृतांची काळी भिंत आहे. माया लिन यांनी तिचा आराखडा विद्यार्थिदशेत केला आणि १९८२ मध्ये ती पूर्ण झाली. भिंतीवर अठ्ठावन्न हजारांहून अधिक नावे आहेत, आणि ती वर्णानुक्रमाने नसून मृत्यूच्या क्रमाने लिहिलेली आहेत, त्यामुळे एकत्र पडलेल्यांची नावे एकत्र राहिली आहेत.

सेंटरपासून लिंकन स्मारक पायी साडेतीन किलोमीटरहून अधिक आहे आणि परतताना तेवढेच अंतर पुन्हा येते, याचा विचार आधी करावा. रात्री दहापर्यंत उद्यान सेवेचे कर्मचारी तेथे असतात आणि तोवर वर्दळही असते. शक्यतो दोघाचौघांनी मिळून जावे, उशीर झाल्यास टॅक्सीने परतावे आणि परिषदेचे ओळखपत्र गळ्यातून काढून खिशात ठेवावे.

सोबत वयस्कर आईवडील किंवा लहान मुले असतील तर?

स्मिथसोनियनच्या संग्रहालयांत चाकांची खुर्ची विनामूल्य वापरायला मिळते, मात्र ती आधी येणाऱ्यास दिली जाते, म्हणून सकाळी जावे. मॉल नकाशावर लहान दिसतो आणि चालताना संपत नाही. कॅपिटलपासून लिंकन स्मारकापर्यंत तो तीन किलोमीटरहून अधिक लांब आहे. वयस्करांसाठी कॅपिटलच्या पायथ्याशी असलेले राष्ट्रीय वनस्पती उद्यान उत्तम, कारण काचघरातील उबदार दमट हवेत त्यांना कोकणात आल्यासारखे वाटते. मुलांना डायनोसॉर आणि विमाने द्यावीत आणि चित्रे आपण नंतर पाहावीत.

सुरक्षा तपासणीत काय अडते?

बहुतेक संग्रहालयांत पिशवी उघडून दाखवावी लागते आणि आत काही खाता येत नाही. पाठीवरची बॅग नॅशनल गॅलरीत पुढे धरावी लागते किंवा सामानघरात ठेवावी लागते. कॅपिटलचा नियम सर्वांत कडक आहे: तेथे खाद्यपदार्थ तर नाहीतच, पाण्याने भरलेली बाटलीही नेता येत नाही, रिकामी चालते. परिषदेत मिळालेली पत्रके, पेन आणि भेटवस्तूंची पिशवी आधी खोलीवर ठेवून यावी.

विनामूल्य वाटतात पण नाहीत, अशी ठिकाणे कोणती?

लिंकन यांच्यावर जेथे गोळी झाडली गेली ते फोर्ड नाट्यगृह आतून पाहण्यास तिकीट आहे. हेरगिरीच्या संग्रहालयाला तर चांगलेच तिकीट आहे. सेंटरजवळच्या महिला कलाकारांच्या संग्रहालयाला एरवी तिकीट असले तरी महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश विनामूल्य असतो. ‘विनामूल्य पदयात्रा’ म्हणून जाहिरात केलेल्या फेऱ्यांच्या शेवटी मार्गदर्शकाला बक्षिसी देणे अपेक्षित असते. ती त्याची कमाई असल्याने न देता निघून जाणे शोभत नाही. त्याऐवजी संग्रहालयांतील स्वयंसेवकांच्या फेऱ्यांना जावे. त्या खरोखर विनामूल्य असतात आणि सांगणारे बहुधा हौसेने सांगतात.

सरकारचे ‘शटडाऊन’ झाले तर काय उघडे राहते?

अर्थसंकल्पावर एकमत न झाल्यास संघराज्य सरकारचे बरेच काम थांबते. २०२५ मध्ये १ ऑक्टोबरपासून असे ४३ दिवस चालले आणि काही दिवसांतच स्मिथसोनियनची संग्रहालयेही बंद झाली. अशा वेळी मॉलवरील उघडी स्मारके पाहता येतात. किंग ग्रंथालय शहराचे असल्याने संघराज्याच्या बंदचा त्यास थेट फटका बसत नाही, आणि गांधीजींचा पुतळा, ब्लॅगडेन ॲली यांना कुलूप नाही. परिषद सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरमध्ये असेल तर निघण्यापूर्वी बातम्यांवर नजर ठेवावी, कारण तेथील आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते.

शेवटच्या दिवशी विमान संध्याकाळी आहे. सामानासह दिवस कसा काढावा?

मोठ्या बॅगा घेऊन मॉलवरील संग्रहालयांत प्रवेश मिळत नाही, तेव्हा त्या हॉटेलच्या स्वाधीन कराव्यात आणि दुपारी परत येऊन घ्याव्यात. विमान डलेस विमानतळावरून असेल आणि सामान सांभाळायला कोणी सोबती किंवा गाडी असेल, तर विमानतळाजवळच हवाई व अंतराळ संग्रहालयाची दुसरी शाखा, उड्व्हार-हेझी केंद्र, सकाळी दहा ते साडेपाच खुली असते. प्रवेश विनामूल्य आहे, गाडी लावण्याचे मात्र पैसे पडतात. मेट्रोचा चंदेरी मार्ग नोव्हेंबर २०२२ पासून डलेसपर्यंत जातो; सेंटरच्या स्थानकावरून निघून लांफां प्लाझाला तो पकडता येतो. केंद्राच्या विमानघरात काँकॉर्ड आहे, हिरोशिमावर बॉम्ब टाकणारे एनोला गे आहे, आणि मागच्या दालनात डिस्कव्हरी हे अंतराळयान उभे आहे. ९ डिसेंबर २००६ रोजी सुनीता विल्यम्स पहिल्यांदा अंतराळात गेल्या त्या याच यानातून. त्याच्या पोटाखालच्या फरशा उष्णतेने काळवंडलेल्या जवळून दिसतात. विमानाच्या वेळेपूर्वी चार तास हाताशी ठेवून तेथून निघावे.